एक-दोन फ्लॅट भाड्याने देताना: हिशेब, करार आणि ताबा

पगारातून साठवलेल्या पैशांतून, गावाकडची जमीन विकून किंवा निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून दुसरे घर घ्यावे आणि त्याच्या भाड्यावर पुढचा वरखर्च भागवावा, हा विचार आपल्या मध्यमवर्गात फार पूर्वीपासून रुजलेला आहे. हे लेखन पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक अशा शहरांत एखाददुसरा फ्लॅट राहण्यासाठी भाड्याने देणाऱ्या मालकासाठी आहे. अशा मालकाची अडचण मोठ्या मालकापेक्षा वेगळी असते. ज्याच्याकडे दहा खोल्या आहेत त्याची एक रिकामी पडली तरी नऊ खोल्यांचे भाडे चालू राहते. ज्याच्याकडे एकच घर आहे त्याचे ते घर रिकामे पडले की उत्पन्न शून्य होते, आणि मेंटेनन्स, मिळकतकर व कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीत. म्हणून भाड्याचा आकडा हजार-दोन हजारांनी वर नेण्याच्या खटपटीपेक्षा रिकामे दिवस कमी करणे आणि कागदपत्रांत ढिलाई न ठेवणे, ही दोन कामे लहान मालकाला अधिक पैसे मिळवून देतात, असे माझे मत आहे.

घेण्यापूर्वी कागदावर मांडायचा हिशेब

पुण्यात सत्तर लाखांचा एक फ्लॅट घेतला असे धरू. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी त्याला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. (घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते आणि सत्तर लाखांवर ती ७० हजारांची होते, तेव्हा घरात त्याची चर्चा अवश्य व्हावी.) ओटा, कपाटे, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या यांवर आणखी २ लाख ८० हजार गेले, तर घर भाड्याने देण्याजोगे होईपर्यंत एकूण ७८ लाख रुपये गुंतलेले असतात.

आता समजा भाडे दरमहा २० हजार मिळते. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजारांप्रमाणे ३६ हजार, मिळकतकर १२ हजार, वर्षाकाठी एक रिकामा महिना धरून २० हजार, दलाली आणि करार यांचा वार्षिक वाटा १२ हजार, रंगकाम व किरकोळ दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे १५ हजार, असे ९५ हजार वजा केले की १ लाख ४५ हजार उरतात. गुंतलेल्या ७८ लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांनाही पोहोचत नाही, आणि आयकर अजून द्यायचाच आहे. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असेल, तर हप्ता साधारण ४३ हजार ४०० रुपयांचा येतो. म्हणजे भाड्यातून निम्मा हप्तासुद्धा भागत नाही. एजंट मात्र “भाड्यातून हप्ता फिटतो” असे ठामपणे सांगत राहतात. त्यांच्यापुढे वरचा कागद ठेवावा.

याचा अर्थ घर घेऊच नये असा नाही. घराची किंमत वाढेल, मुलाबाळांना पुढे उपयोग होईल, चलनवाढीबरोबर भाडेही वाढत जाईल, ही कारणे खरी आहेत. परंतु किमतीची वाढ घर विकल्याशिवाय हाती येत नाही आणि घर विकणे मुदत ठेव मोडण्याइतके सोपे नसते, हे लक्षात घेऊनच कर्जाचा आकडा ठरवावा. केवळ भाड्याचा विचार असेल तर मोठ्या संकुलातल्या तीन शयनगृहांच्या घरापेक्षा महाविद्यालय, रुग्णालय किंवा औद्योगिक वसाहतीजवळचा एक शयनगृहाचा फ्लॅट गुंतवलेल्या रकमेच्या मानाने बरे भाडे देतो आणि लवकर उठतो. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅटही दुर्लक्षिण्यासारखा नसतो.

खरेदीच्या वेळी पाहायची कागदपत्रे बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून थोडक्यात: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), आधीच्या व्यवहाराचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचे भागप्रमाणपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकतकराची आणि वीजबिलाची शेवटची पावती. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याची नोंदणी, वाद आणि ताब्याची जाहीर केलेली तारीख पाहावी. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासक नोंदणीकृत करार केल्याशिवाय घेऊ शकत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत भाडेकरू मिळतो, पण अशा ठिकाणी पालिकेच्या नळजोडणीची अडचण असते, टँकर येतात, टँकरमुळे मेंटेनन्स वाढतो आणि शेवटी ती वाढ मालकाच्याच पदरातून जाते.

करार: ज्यात काटकसर करू नये अशी एकमेव बाब

महाराष्ट्रात राहते घर देण्याची रूढ पद्धत म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’. यात राहणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी मिळते, घरात त्याचा हक्क निर्माण होत नाही. हा प्रकार इतका का रुजला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे गोठवले आणि भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. त्यातून वाट काढण्यासाठी मालक भाडेकरूऐवजी परवानाधारक ठेवू लागले. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि अनेक मालकांच्या हातून घराचा ताबा कायमचा गेला. घर बंद ठेवू पण भाड्याने देणार नाही, असे म्हणणारे ज्येष्ठ नागरिक आजही भेटतात. त्यांची भीती त्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती रास्तच होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने चित्र बदलले. नोंदणीकृत परवाना करार असेल तर मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याचा स्वतंत्र आणि तुलनेने जलद मार्ग या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे.

याच कायद्याचे कलम ५५ प्रत्येक लहान मालकाने पाठ करावे असे आहे. करार लेखी हवा, तो नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदवलेला करार नसताना वाद उभा राहिला तर कोणत्या अटींवर घर दिले होते याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलेला आणि नोटरीकडून शिक्का मारून घेतलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की सोसायट्यांच्या कार्यालयांतसुद्धा असे कागद फाइलला लावलेले दिसतात.

अकरा महिन्यांचीही गोष्ट तशीच आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून ही अकरा महिन्यांची सवय देशभर पडली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, त्यामुळे मुदत लहान ठेवून काही वाचत नाही. भाडेकरू चांगला असेल तर बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करार करावा, त्यातच दरवर्षीच्या भाडेवाढीचे आकडे लिहून टाकावेत आणि नोंदणीचा तोच तो खर्च व एजंटची नूतनीकरणाची मागणी दोन्ही टाळावे.

खर्च तसा फार नसतो. मुदतीतले एकूण भाडे, परत न करायची काही रक्कम घेतली असल्यास ती, आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. वीस हजार भाडे, साठ हजार अनामत आणि अकरा महिने असा करार असेल तर २ लाख २० हजार अधिक ५,५०० यांवर हे शुल्क ५६४ रुपयांच्या आसपास येते. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार रुपये आहे. उरतो तो घरी येऊन थंब घेणाऱ्या सेवादात्याचा आकार. दोघांनी निम्मानिम्मा खर्च वाटून घेण्याचा रिवाज आहे. पण कलम ५५ मालकाला जबाबदार धरते, तेव्हा भाडेकरू खळखळ करू लागला तर सगळा खर्च आपण सोसावा आणि काम पुढे न्यावे.

ऑनलाइन नोंदणीसाठी दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे आधार लागते व बोटांचे ठसे जुळावे लागतात. वयस्कर मालकांचे ठसे पुष्कळदा जुळत नाहीत, म्हणून आधारमधील ठसे आधीच अद्ययावत करून घ्यावेत. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर करारात दोघांचीही नावे आणि ठसे असावेत. वडिलांच्या नावावरचे घर त्यांच्या पश्चात मुलगा परस्पर भाड्याने देतो, अशी कितीतरी उदाहरणे दिसतात; वारसांची नोंद होण्याआधी असा करार केला तर पुढे ताबा मागताना मागणारा कोण, हाच पहिला प्रश्न उपस्थित होतो.

करारातील मजकूर सेवादात्याच्या ठरलेल्या नमुन्यातून येतो आणि तो बहुधा कोणी वाचत नाही. निदान काही गोष्टी त्यात आहेत याची खात्री करावी. घरात कोण राहणार त्यांची नावे असावीत आणि पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट किंवा दिवसाच्या हिशेबाने खोल्या देण्याला स्पष्ट मनाई असावी. लॉक-इनचा, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याचा, काळ किती आणि त्यानंतर नोटीस किती दिवसांची, हे दोन्ही पक्षांना सारखे लागू असावे. मालक कधीही बाहेर काढू शकेल आणि भाडेकरूने मात्र अकरा महिने बांधून घ्यावे, असा एकतर्फी करार पाहून चांगला भाडेकरू पाठ फिरवतो. मेंटेनन्स कोण भरणार, रंगाचे पैसे कापणार असल्यास किती, गिझर वा पंपाची दुरुस्ती कोणाकडे, मुदत संपूनही घर न सोडल्यास काय आकार लागेल, हे आकड्यांत लिहावे. “योग्य ती रक्कम” असे शब्द करारात आले की ते पुढच्या भांडणाचे बी ठरतात.

करारासोबत सामानाची यादी जोडावी. पंखे, दिवे, नळ, गादी, कपाटांच्या किल्ल्या, सगळे मोजून लिहावे, वीज मीटरच्या त्या दिवशीच्या आकड्याचे छायाचित्र काढावे आणि प्रत्येक खोलीच्या भिंतींचे, न्हाणीघराच्या फरशीचे व ओट्याखालच्या भागाचे चित्रीकरण करून ते दोघांच्याही मोबाइलवर ठेवावे. अनामतीवरून होणारे तंटे बहुतेक वेळा ओट्याखालच्या ओलीवरून आणि भिंतीतल्या खिळ्यांवरूनच होतात.

अनामत आणि भाडे बँकेतूनच घ्यावे. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत सर्वसाधारणपणे मान्य होते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे, आणि त्यावरून “नवा नियम आला” असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. पण तो एक नमुना आहे आणि राज्याने तसा कायदा केल्याखेरीज तो कोणाला बांधत नाही. मुंबई-ठाण्याकडे ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे: काही लाख रुपये घ्यायचे आणि मासिक भाडे नाममात्र किंवा शून्य ठेवायचे. लहान मालकाने यापासून लांब राहावे, असे मी स्पष्ट सांगेन. घेतलेली रक्कम कर्ज फेडण्यात किंवा लग्नकार्यात खर्ची पडते, मुदत संपताना ती परत द्यायला हाती नसते, आणि पैसे मिळेपर्यंत राहणारा घर सोडत नाही. अशा वेळी त्याला दोष तरी कसा द्यावा?

भाडेकरूची निवड

बाजारात २० हजार भाडे चालू असताना २२ हजारांचा हट्ट धरून घर दोन महिने रिकामे ठेवणाऱ्या मालकाचे ४० हजार बुडतात. पुढच्या अकरा महिन्यांत वाढीव दोन हजारांनी २२ हजार भरून येतात. हा हिशेब शाळकरी मुलालाही कळेल, तरी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला जास्त भाडे मिळते हे ऐकून तो विसरला जातो. आपल्याच इमारतीत गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या करारांचे आकडे विचारावेत. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो, मिळकतीचा नसतो. चांगला भाडेकरू राहायला तयार असेल तर नूतनीकरणाच्या वेळी बाजारापेक्षा पाचशे-हजार कमी घेतले तरी मालक फायद्यातच राहतो, कारण नवा भाडेकरू आला की दलाली, रंग आणि रिकामे दिवस असे तिन्ही खर्च एकदम येतात.

निवड करताना नोकरीचे पत्र किंवा व्यवसायाचा पुरावा, आधार आणि पॅन, आधीच्या घरमालकाचा फोन, एवढे मागणे गैर नाही. आधीच्या मालकाशी स्वतः बोलावे आणि “भाडेकरू कसा होता” असे मोघम न विचारता “भाडे कोणत्या तारखेला जमा होत असे” आणि “अनामतीतून काही कापावे लागले का” असे नेमके विचारावे. भाड्याचा आकडा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून फार वर जात असेल तर चार-सहा महिन्यांत ओढाताण सुरू होते.

जात, धर्म आणि ताटात काय वाढले जाते, हे विचारून भाडेकरू नाकारणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत. ते अनुचित तर आहेच, शिवाय व्यवहार म्हणूनही तोट्याचे आहे, कारण वेळेवर भाडे भरणाऱ्या माणसांचा गट आपल्याच हाताने निम्मा होतो. अविवाहित नोकरदारांविषयी सोसायटीत कुरबुर असते. तीन मित्र एकत्र राहणार असतील तर करारात तिघांचीही नावे घ्यावीत, म्हणजे एक जण मधेच गेला तरी संपूर्ण भाड्याची जबाबदारी उरलेल्यांवर राहते.

पोलीस आणि सोसायटी

मुंबई, पुणे आदी शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकावर बंधनकारक करतात आणि आदेश मोडल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पोच जपून ठेवावी. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती ठरलेल्या अर्जात ऑनलाइन भरायची असते.

सोसायटीला कराराची आणि पोलिसांकडील नोंदीची प्रत आगाऊ द्यावी. आदर्श उपविधींनुसार सदनिका परवान्यावर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, कळवावे मात्र लागते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी लावते तो जादा आकार, हा कायमचा तंट्याचा विषय आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सेवा शुल्क म्हणजे संपूर्ण बिल नव्हे: मिळकतकर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी त्यात धरायचे नाहीत. बिलात सेवा शुल्क २,००० असेल तर बिनभोगवटा शुल्क २०० रुपये होते, मग कार्यकारिणीने दीड हजारांचा ठराव केलेला का असेना. आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लावता येत नाही. जादा आकारणी होत असेल तर लेखी हरकत नोंदवून मान्य रक्कम भरत राहावी आणि उपनिबंधकांकडे अर्ज करावा. मेंटेनन्सच थांबवला तर आपण थकबाकीदार ठरतो. अपार्टमेंट कायद्याखालील इमारतींना सहकारी सोसायटीचे उपविधी लागू नसतात, हे पुणेकरांनी विशेष तपासावे, कारण पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत.

पुण्यातलीच आणखी एक बाब म्हणजे, मालक स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते; घर भाड्याने दिल्यावर ती मिळत नाही. खरेदीच्या वेळी दाखवलेल्या जुन्या पावतीवर सवलतीचा आकडा असतो, म्हणून वरच्या हिशेबात मिळकतकर धरताना तोच आकडा घेऊ नये.

चालू महिन्यांतली कामे

घर दिल्यावर रोज फोन करणे जितके वाईट, तितकेच अकरा महिने तिकडे न फिरकणेही वाईट. पावसाळ्यापूर्वी एकदा, आधी कळवून, घर पाहून यावे: गच्चीखालचे छत, खिडक्यांच्या कडा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत. गळती लहान असताना काही हजारांत आवरते. खालच्या मजल्यावरच्या घराचे छत खराब झाल्यावर तीच गोष्ट दोन्ही घरांच्या दुरुस्तीवर जाते. नळ किंवा गिझर बिघडल्याचे कळले तर त्याच दिवशी प्लंबर वा वायरमन पाठवावा. दुरुस्तीला टाळाटाळ करणाऱ्या मालकाला भाडेही टाळाटाळीनेच मिळते.

महावितरणचे बिल मालकाच्या नावावर असते आणि भाडेकरू ते भरत असतो. ग्राहक क्रमांकाला आपला मोबाइल जोडून ठेवला की बिल थकल्याचे आपल्याला आपोआप कळते. गॅस पाइपलाइनचेही तसेच करावे.

आयकर

भाड्याचे उत्पन्न लपवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे देणाऱ्या नोकरदाराला घरभाडे भत्त्याची वजावट घेताना मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणजे आकडा आयकर विभागाकडे आपल्या आधी पोहोचलेला असतो. शिवाय कायदा तसा उदार आहे. वार्षिक भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेच्या सरळ ३० टक्के वजावट, कोणतीही पावती न दाखवता, मिळते. २ लाख ४० हजारांतून १२ हजार मिळकतकर गेला, राहिलेल्या २ लाख २८ हजारांचे ३० टक्के म्हणजे ६८,४०० वजा झाले, आणि करपात्र उरले १ लाख ५९ हजार ६००. मेंटेनन्स, रंग, दलाली यांची वेगळी वजावट नसते. ते सगळे त्या ३० टक्क्यांत आले असे धरले जाते. म्हणूनच मेंटेनन्स भाडेकरूने सोसायटीकडे थेट भरायचा असेल तर करारात तो भाड्याहून वेगळा दाखवावा.

कर्जावरचे व्याज याखेरीज वजा होते. जुन्या करप्रणालीत त्यातून तोटा आला तर वर्षाला दोन लाखांपर्यंत तो पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येतो आणि उरलेला आठ वर्षे पुढे ओढता येतो. नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. कर्ज मोठे असलेल्यांनी प्रणाली निवडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी आकडेमोड करून पाहावी. घर दोघांच्या मालकीचे आणि दोघांचे पैसे त्यात असतील तर भाडेही हिश्शाप्रमाणे दोघांच्या विवरणपत्रांत जाते.

मालक परदेशात असेल तर नियम अधिक कडक आहेत, आणि अमेरिका, ब्रिटन किंवा आखातात गेलेल्या मराठी कुटुंबांचे पुण्या-ठाण्यातले फ्लॅट पाहता हा मुद्दा अनेकांना लागू पडतो. अनिवासी मालकाला भाडे देताना, ते कितीही लहान असो, भाडेकरूने ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के कर कापायचा असतो. निवासी मालकाच्या बाबतीत मात्र व्यक्तिगत भाडेकरूवर ही जबाबदारी महिना ५० हजारांच्या पुढेच येते आणि दर दोन टक्के आहे. अनिवासी मालकाने कमी दराने कपात व्हावी यासाठी प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करावा, भाडे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) घ्यावे, आणि इथल्या भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र देताना त्यात करार करणे, नोंदवणे आणि ताबा मागण्यासाठी दावा करणे, हे तिन्ही अधिकार स्पष्ट लिहावेत.

मुदत संपूनही घर सुटत नसेल तर

बारा वर्षे राहिले की घर भाडेकरूचे होते, ही धास्ती निराधार आहे. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा केवळ वर्षे लोटल्याने मालकीत बदलत नाही. तरी मुदत संपल्यावर नवा करार न करता महिन्यामागून महिने भाडे घेत राहणे हा निष्काळजीपणाच आहे. मुदत संपण्यापूर्वी दोन महिने संदेश पाठवून विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

मुदत उलटूनही राहणारा हलत नसेल तर कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे, सामान जिन्यात ठेवणे यांपैकी काहीही करू नये. असे केल्याने कायद्याने भक्कम असलेली आपली बाजू लंगडी पडते आणि पोलीस ठाण्यात उत्तरे आपल्यालाच द्यावी लागतात. आधी वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. या कार्यवाहीत लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. राहणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाच्या बाजूने आदेश होतो. मुदत संपल्याच्या दिवसापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. नेहमीच्या दिवाणी दाव्यांच्या मानाने हा मार्ग आखूड आहे. मात्र तो राहण्यासाठी दिलेल्या घरापुरताच आहे. दुकानाचा गाळा परवान्यावर दिला असेल तर हे कलम कामी येत नाही, आणि गाळ्यात गुंतवणूक करणाऱ्याने ही गोष्ट घेण्याआधी विचारात घ्यावी.

घर परत घेताना

बहुतेक भाडेकरू सुरळीत जातात, पण त्या शेवटच्या दिवशीची घाई दोघांनाही महागात पडते. सामान हलल्यावर, दिवसाच्या उजेडात, सुरुवातीची यादी आणि चित्रीकरण समोर ठेवून दोघांनी मिळून घर पाहावे. वापराने झालेली झीज आणि हलगर्जीने झालेले नुकसान यांत फरक करावा: उन्हाने विटलेला रंग ही झीज आहे, फुटलेले वॉश बेसिन हे नुकसान. मीटरचा आकडा घेऊन शेवटच्या बिलाची रक्कम ठरवावी आणि सोसायटीची बाकी पाहावी. कपात केली तर तिचा तपशील व पावती देऊन उरलेली अनामत त्याच दिवशी बँकेतून परत करावी. मुदतीपूर्वी घर सुटत असेल तर करार संपल्याचे आणि रिकामा ताबा मिळाल्याचे दोघांच्या सह्यांचे पत्र करून घ्यावे. त्यानंतर दाराचे कुलूप बदलावे, सोसायटीला आणि पोलिसांकडच्या नोंदीसाठी भाडेकरू गेल्याचे कळवावे, आणि घर पुन्हा दाखवायला काढण्यापूर्वी छताची ओल व न्हाणीघराचे सांधे नीट करून घ्यावेत, कारण घरात सामान नसताना हे काम एका दिवसात होते.